नावाड्याचा मान जनीच्या घरी

मी, सुदाम काळूराम घरत, वय वीस पूर्ण, शिक्षण बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत आणि पुढे नाही, राहणार मौजे पाडखार, विचुंब्याच्या पलीकडे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओटीवर बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी माझा हात धरलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. ते कधीच ठिकाणावर नव्हते असे ज्यांचे मत आहे त्यांनी लष्कराच्या डॉक्टरांचा दाखला आईकडे मागून पाहावा. छाती, डोळे, दात आणि डोके, चारही चांगली असल्याचे त्यात लिहिले आहे.

गावात जे पसरले आहे त्याचा आधी खुलासा करतो. मी जीव द्यायला निघालेलो नाही. गावातल्या बालवाडीची बाई प्रमिला कडू हिला रोडपालीचा मुलगा बघायला आला त्या दिवशी मी पाराजवळ रागाने पुष्कळ बोललो. ते बोलणे होते. मी सैन्यात भरती झालो आहे आणि येत्या मंगळवारी बेळगावला हजर व्हायचे आहे. मला जगायचे आहे, आणि परत यायचे आहे.

मग वीस वर्षांच्या माणसाला मृत्युपत्र कशाला, असे पनवेलच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकांनीही विचारले. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. आमच्या पाडखार नाट्यमंडळाची रीत आहे की मंडळाचा जो मानकरी, म्हणजे एखाद्या भूमिकेचा वारसाने झालेला धनी, वेशीबाहेर नोकरीला जातो, तो नाटकापुरता मेला असे धरतात. त्याच्या नावाने एक नारळ रंगमंचाच्या कडेला ठेवतात आणि त्याची भूमिका, माझ्या बाबतीत नावाड्याची, दुसऱ्याकडे जाते. जाण्याआधी त्याने दोन साक्षीदारांसमोर वारस नेमला असेल तर ती वारसाकडे जाते. नेमला नसेल तर मंडळाकडे, म्हणजे सध्या मंडळाचे अध्यक्ष असलेले माझे चुलते दाजी घरत यांच्याकडे. तेव्हा मंगळवारी मी एकदा मरणार आहे हे नक्की. दुसऱ्यांदा कधी ते देशाच्या आणि देवाच्या हातात. दोन्ही मरणांची सोय या एकाच कागदात करत आहे.

कलम पहिले. घर आणि जमीन.

राहते घर, मागचे परस आणि परसातला आंबा हे सगळे माझी आई रमाबाई काळूराम घरत हिचे आहे. ते माझे कधी नव्हतेच, म्हणून ते मी देतो असे लिहिणे हास्यास्पद आहे, पण दस्तलेखक म्हणाले लिहा. आमची खारजमीन सिडकोने घेतली, त्याबदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायचा आहे. तो खारघरला मिळेल की आणखी कुठे हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मिळेल तेव्हा तो आईचा. तिने तो कोणा बिल्डरच्या गोड बोलण्यावर देऊ नये. दाजीकाकांच्या सल्ल्याने तर मुळीच देऊ नये. सही करायची वेळ आली तर प्रमिलाकडून कागद वाचून घ्यावा.

कलम दुसरे. जिनसा.

पोस्टातली शिल्लक आईची. सायकल भरतला, म्हणजे दाजीकाकांच्या नातवाला. त्याच्या आजोबांशी माझे पटत नसले तरी पोराशी माझे वैर नाही, आणि का नाही ते पुढे येईल. करवत, रंधा, हातोडी आणि नाटकाच्या होडीसाठी आणलेले बांबू मालूकाका भोईरांना. ते आमच्या मंडळाचा पडदा ओढतात, आणि होडी मोडली की तेच दुरुस्त करतात, नाव मात्र माझे होते. माझे नवे बूट कोणाला देऊ नयेत. परत आल्यावर मला लागतील.

कलम तिसरे. जुनी येणी.

कॉलेजच्या गॅदरिंगला ज्या परीक्षकांनी माझा उच्चार ऐकून "पात्र आगरी वाटतं, राजा वाटत नाही" असे माइकवरून म्हटले, त्यांच्यापुढचे टेबल मी उलटे केले होते. त्यावरून माफी मागायला सांगितली, मी मागितली नाही, आणि कॉलेज सुटले. आजही मागत नाही. मात्र टेबलावरचा पाण्याचा ग्लास एका बाईंच्या साडीवर सांडला, त्या बाईंची मागतो. त्यांचा काही संबंध नव्हता.

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याने दरवर्षी राजाला चांगली मोजडी आणि नावाड्याला फाटकी बंडी दिली. त्याला माफ केले. नावाड्याला तीच शोभत होती.

रोडपालीच्या त्या मुलाला माझ्याकडून काही नाही. चहाला आला तेव्हा त्याच्या स्कूटरच्या चाकातली हवा गेली, ती त्याने नाक्यावर भरून घेतली. हिशोब मिटला.

कलम चौथे. नावाड्याचा मान मला कसा आला.

ही माझी खरी मिळकत. मिळकत कोणाकडून कशी आली ते लिहावे लागते, म्हणून लिहितो.

आमच्या गावात शंभर वर्षांपासून एक पाच अंकी संगीत नाटक चालत आले आहे. आम्ही त्याला नुसते नावाड्याचे नाटक म्हणतो. एका खाडीच्या दोन काठांवर दोन राज्ये. लढाई होते. हरलेले शत्रूचे शिपाई रात्री काठावर येऊन हाक मारतात आणि इकडचा नावाडी त्यांना आपल्या होडीतून पलीकडे उतरवतो. दुसऱ्या दिवशी राजा त्याला दरबारात उभा करून विचारतो, शत्रूला का उतरवलंस? नावाडी म्हणतो, "महाराज, अंधारात हाक आली. हाकेच्या हातात झेंडा दिसत नाही." राजा त्याला शिक्षा फर्मावतो, आणि शेवटच्या अंकात तोच राजा पराभव होऊन रात्री काठावर येतो आणि हाक मारतो. नावाडी त्यालाही नेतो. तिथे पडदा.

नावाड्याचा मान घरतांच्या आमच्या घरात, राजाचा आता दाजीकाकांच्या. माझे पणजोबा हे नाटक मारुतीच्या देवळापुढे पुरे पाच अंक करत.

आजोबांच्या वेळी मिठाचा सत्याग्रह झाला, मग जंगलाचा. मोठ्यांच्या जमावावर पोलिसांचे लक्ष होते. आजोबांनी युक्ती केली. नाटक मुलांचे केले. एका अंकात बसवले, शत्रूच्या शिपायांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या हॅट घातल्या, आणि काठावर हाक आली तेव्हा मुलांच्या नावाड्याने वल्हे आडवे धरून सांगितले, "ही होडी साहेबांसाठी नाही." हवालदार पुढच्या रांगेत बसून पोरांचा खेळ म्हणून हसला. मागे बसलेली माणसे हसली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यातली काही मीठ उचलायला गेली. आजोबांनी बरोबर केले असे मी मानतो. तेव्हापासून ते मुलांचेच नाटक झाले.

माझे वडील काळूराम यांच्याकडे मान आला तेव्हा एकाहत्तरचे युद्ध लागले होते. आजोबांचा नावाडी नुसता नाही म्हणायचा. वडिलांना ते मिळमिळीत वाटले. त्यांनी नवे भाषण लिहिले. आता नावाडी शत्रूंना होडीत घेतो, मध्यावर नेतो, भाषण करतो आणि होडी कलती करून त्यांना बुडवतो. काय ते भाषण! मी आठ वर्षांचा असताना ते मारुतीपुढे म्हटले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता. आजही येतो. मी सैन्यात चाललो त्यात त्या भाषणाचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. वडिलांच्या मागे मान माझ्याकडे आला.

पण एक गोष्ट मिळकतीबरोबर आली आणि ती कोणी कुठे लिहिलेली नाही. बुडायला कोणीतरी लागते. गावातली एकही आई पोराला शत्रू करायला तयार होईना. "माज्या पोराला शिव्या खायला स्टेजवर धाडू काय?" असे माझ्याच आईने एकदा म्हटले होते. तेव्हा डोंगराकडच्या कातकरी वाडीवरून मुले आणायची रीत पडली. ती यायची, पुठ्ठ्याच्या टोप्या घालायची, पाणी म्हणून धरलेल्या निळ्या लुगड्यामागे बुडायची, आणि खाऊ घेऊन परत जायची. त्यांना एकही वाक्य नसे.

कलम पाचवे. यंदाच्या पंधरा ऑगस्टला काय झाले.

यावर गावात सतरा गोष्टी सांगितल्या जातात. मी बसवणारा होतो, विंगेत उभा होतो, म्हणून माझीच खरी धरावी.

कारगिलचे युद्ध नुकतेच संपले होते. दाजीकाका म्हणाले, "सुदाम, यंदा कडक झाला पायजे. लोकांच्या डोल्यांत पानी आला पायजे." मलाही तेच हवे होते. वडिलांचे भाषण मी आणखी लांबवले. मान माझा, पण नाटक मुलांचे, म्हणून होडीत मी उभा केलेला भरत नावाडी होता. वाडीवरची मुले शिपाई, त्यात जैतू मुकणेची मुलगी जनी, अकरा वर्षांची. गावातल्या बालवाडीची बाई प्रमिला पेटीवर होती. तालमीत एकदा लाईट गेली, तेव्हा मुलांना गप्प बसवायला प्रमिलाने त्यांना जुने पाच अंकी नाटक पुरे सांगितले, हाक आणि होडी आणि काठावर आलेला राजा. मुलांनी कधी ऐकलेच नव्हते. मी विंगेत बसून तिचा आवाज ऐकत होतो, म्हणजे खरे तर नाटक ऐकतच नव्हतो. त्यापलीकडे तिने काही शिकवले नाही. पुढे तिच्यावर जे आळ आले ते खोटे आहेत.

समाजमंदिरात खेळ रंगला. भाषणाला टाळ्या पडल्या. होडी कलती झाली, शिपाई एकामागून एक लुगड्यामागे पडले. जनी शेवटची. ती पडायच्या जागी गुडघ्यांवर बसली, तोंड वर केले, आणि हात लांब करून तिने ती जुनी हाक मारली, "नावाड्या रंऽ, मला पल्याड घे."

भरतने वल्हे टाकले आणि तिला हात दिला. ती होडीत येऊन बसली.

लुगडे धरणाऱ्या दोन मुलांना काय करावे कळेना, ती लाटा हलवतच राहिली. मग दाजीकाका पहिल्या रांगेतून उठले, "पडदा टाक, मालू!"

मालूकाका दोरी धरून उभे, म्हणाले, "कसा टाकू? अजून बुडली नाय."

कोणी हसले नाही. आता लिहिताना मला हसू येते, तेव्हा आले नव्हते. मागून कोणीतरी ओरडले की वाडीवरच्यांनी झेंड्याचा अपमान केला. दुसरा म्हणाला, बाईने शिकवले. पडदा पडला तेव्हा माझाही संताप झाला होता. मी भरतचा दंड धरून विचारले, "हात कशाला दिलास रे?"

तो म्हणाला, "ती बोलवत होती ना."

जनीला विचारले. ती म्हणाली, "दादा, तुमीच बोललात, खरा वाटला पायजे. बुडताना मानूस वरडतो का नाय?"

मी टेबल उलटे करणारा माणूस, पण माझ्यापुढे उलटे करायला काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसले. दाजीकाकांचे म्हणणे जसेच्या तसे लिहितो, कारण त्यात त्यांची बाजू आहे आणि ती खोटी नाही. ते म्हणाले, "तिकडं बर्फात आपली पोरा मेलीन, आनि आपल्या स्टेजवर शत्रूला हात देतान? त्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवायचा?" यावर मी म्हणालो, "काका, ती शत्रू नाय, ती जैतूची पोर हाय." ते म्हणाले, "स्टेजवर ती कोन हाय ते आपन ठरवतो." ठराव झाला. वाडीवरचे कोणी यापुढे रंगाला लागणार नाही, म्हणजे नाटकात कसलेही काम करणार नाही. प्रमिलाने मुलांना शिकवायचे नाही. शत्रू म्हणून कापडाची बुजगावणी करायची. माझे एकट्याचे मत विरुद्ध पडले. त्याच आठवड्यात मी भरतीसाठी नाव दिले. रागाने दिले असे लोक म्हणतात. रागाने नव्हे. देश दाजीकाकांच्या एकट्याचा नाही, एवढेच मला दाखवायचे होते, आणि ते स्टेजवरून दाखवता येत नव्हते.

कलम सहावे. वारस.

ठरावानंतर जैतू आमच्या अंगणात आला. ओटीवर बस म्हटले तर बसला नाही, खालीच उकिडवा बसला. म्हणाला, "सुदामशेठ, एकाहत्तरला तुमच्या बापानं मला बुडवला. मी लहान व्हतो. यंदा तुमी माजी पोर बुडवली. एकदा तरी आमच्यातला कोनतरी पार पल्याड जाऊंदे."

मी म्हटले, "शेठ म्हणू नको रे."

"बरा, नाय म्हनत. पन जाऊंदे."

तेव्हा, मी सुदाम काळूराम घरत, पाडखार नाट्यमंडळाच्या नावाड्याच्या भूमिकेचा मानकरी, तो मान, त्यासोबतचे वल्हे, बंडी, होडी आणि नारळ फोडण्याचा हक्क, सर्व काही माझ्या नाटकापुरत्या मरणानंतर जनी जैतू मुकणे, राहणार पाडखारची कातकरी वाडी, हिला देत आहे. तिच्यानंतर तिने नेमलेल्या वारसाला. यात माझ्या घरातल्या, भावकीतल्या किंवा मंडळातल्या कोणाचाही वाटा नाही. येत्या सव्वीस जानेवारीला होडीत ती उभी राहील.

या कलमाला जे अडथळे येतील ते मला माहीत आहेत, कारण दाजीकाकांनी ते आधीच बोलून दाखवले आहेत. वाडीबद्दलचा ठराव मानकऱ्याला अडवत नाही, कारण मान मंडळ देत नाही, तो वारसाने येतो.

पहिला, की मान घराबाहेर जात नाही. जातो. दाजीकाकांना राजाचा मान त्यांच्या निपुत्रिक मामांकडून मिळाला, त्याच रीतीने, दोन साक्षीदारांसमोर. ती रीत खोटी ठरवायची असेल तर पहिला मुकुट त्यांच्या घरातून उतरेल.

दुसरा, की ती मुलगी आहे. नाटकात नावाड्याला मिशी आहे. मिशी ड्रेपरीवाला देतो.

तिसरा अडथळा खरा आहे. दिवाळीनंतर वाडीवरची माणसे वीटभट्टीवर जातात, पावसाळ्यापर्यंत परत येत नाहीत. दाजीकाका म्हणाले, "तुजीच रीत तुला सांगतो. जो येशीभायेर कामाला गेला तो नाटकापुरता मेला. ही लोका तर दरवर्शी मरतान." बोलून ते हसले. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्यांच्या बाजूने रीत होती. मग जैतूशी बोललो. यंदा तो आणि बायको भट्टीवर गेली, जनी गेली नाही. ती जैतूची बहीण गंगू हिच्याकडे वाडीवर राहते. गंगूची चूल कधी पेटते कधी नाही, म्हणून दुपारचे जेवण आमच्याकडे. आईला विचारले तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्या ताटात तरी कोन जेवनार हाय आता? येऊंदे तिला." हे ताट या मृत्युपत्राचा भाग समजावा.

कलम सातवे. नाटक कसे करावे.

मानासोबत नाटकही जनीकडे जाते. कुठले करायचे ते तिने ठरवावे. पणजोबांचे करायचे तर त्याची पदे प्रमिलाला येतात. आजोबांचे करायचे तर हॅट माळ्यावर आहेत. वडिलांचे भाषण म्हणायचे असेल तर तेही तिचेच, फक्त बुडायला कोणाला उभे करायचे ते तिनेच सांगावे, आणि ज्याला उभे करेल त्याला निदान एक वाक्य द्यावे.

मी लढायला चाललो आहे. शत्रू समोर आला तर मी होडी घेऊन जाणार नाही, बंदूक घेऊन जाईन, आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण शिपायाचे काम वेगळे, नावाड्याचे वेगळे. मुलांना दोन्ही दाखवावे. आपल्या तीन पिढ्यांनी जसजशी लढाई आली तसतसे नावाड्याला शिपाई केले. शिपाई आता आहे. गावाने पाठवला आहे. नावाड्याची जागा तेवढी मोकळी झाली आहे.

कलम आठवे. माझ्या खऱ्या मरणानंतर.

माझे प्रेत येईल तेव्हा भाषणे होतील, ती कोणी थांबवू शकणार नाही. थोडक्यात करावी, आईला उन्हात उभे ठेवू नये. माझ्यावर मुलांचे नाटक बसवू नये. बसवल्याशिवाय गाव राहणारच नसेल तर खरे दाखवावे. मी कॉलेज सोडले, मी टेबल उलटे केले, मला राग फार लवकर यायचा, मला भीती वाटायची. माझ्या तोंडी वडिलांचे भाषण घालू नये. मी मरताना काय म्हणालो ते गावाला माहीत असणार नाही. जे माहीत नाही ते पोरांकडून पाठ करून घेऊ नये.

कलम नववे. प्रमिला.

वडिलांची पेटी कु. प्रमिला हिराजी कडू हिला. तिच्याइतकी त्या पेटीची कोणी पारख केली नाही, आणि ती वाजवत असताना मी जितका शांत बसलो तितका कुठेच बसलो नाही. पेटीसोबत मी आता हातात घालत नाही ते घड्याळ, आणि तालमीत तिने मला दुरुस्त करून दिलेल्या सगळ्या चाली, म्हणजे त्या तिच्याच आहेत, तरी परत करतो. तिचे लग्न कुठेही झाले तरी पेटी तिच्याबरोबर जावी. रोडपालीच्या घरात तिला जागा नसेल तर त्या घराने जागा करावी. मी तिला जे सांगायचे ते कधी नीट सांगितले नाही. पाराजवळ चारचौघांत ओरडणे म्हणजे सांगणे नव्हे, हे मला आता कळते. या कलमात सांगतो. माझ्याकडे जे सगळ्यात चांगले होते ते हिला.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरे केले होते. पण साक्षीदारांपाशी अडले, म्हणून पुढचा मजकूर त्याच कागदावर लिहीत आहे.

मंडळाच्या रीतीप्रमाणे दोन्ही साक्षीदार त्या नाटकाच्या रंगाला लागलेले हवेत. मालूकाका लगेच तयार झाले. त्यांना बांबू आणि हत्यारे मिळणार होती. दस्तलेखकांनी बजावले होते की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर उद्या कोणीही बोट ठेवेल, म्हणून साक्षीदार कोरा हवा. मालूकाका म्हणाले, "काट माजा नाव. करवत तर माज्याच घरी पडली हाय." कलम दुसऱ्यातले त्यांचे नाव काढले असे समजावे, हत्यारे आईकडे राहतील.

दुसरा साक्षीदार मिळेना. मी घरोघर गेलो. कोणी शेतावर होता, कोणी पनवेलला, एकाच्या बायकोने दारातच सांगितले, "भावजी, आमाला दाजींच्या शेजारी ऱ्हायचा हाय." दाजीकाकांनी धमकी दिली नव्हती. त्यांनी नुसते पारावर बसून कोण माझ्या ओटीवर येतो ते पाहायला सुरुवात केली होती. मंगळवार जवळ येत होता आणि साक्षीदार एकच होता. एका साक्षीदारावर मान दाजीकाकांकडे गेला असता.

आज दुपारी प्रमिला पारावरून, दाजीकाकांच्या समोरून, सरळ चालत आमच्या ओटीवर आली. तिची बालवाडी ज्या खोलीत भरते ती खोली मंडळाची आहे. हे तिला माहीत होते आणि त्यांनाही. तिने कागद मागितला आणि उभ्यानेच पहिल्यापासून वाचला. स्कूटरच्या ठिकाणी तिने माझ्याकडे पाहिले. नवव्या कलमापाशी थांबली.

"हे खोड."

मी म्हणालो, "का?"

"मी पेटी वाजवली आहे, रंगाला लागलेली आहे. मी सही करते. पण हे असलं तर माझी सही चालणार नाही."

"मग तुला काहीच राहत नाही, प्रमिला."

"पेटी होडीबरोबर राहू दे. मी जनीला चाली शिकवायला येणारच आहे."

"खोली काढून घेतील तुझी."

"झाडाखाली भरवीन. खोड."

"आणि मी जे लिहिलंय ते?"

ती म्हणाली, "ते मी वाचलं. वाचलेलं खोडता येत नाही. पण सुदाम, असलं मेल्यावर वाचायला ठेवायचं नसतं. सुट्टीवर ये आणि तोंडाने सांग. ओरडू नकोस."

"आणि रोडपाली?"

"रोडपालीला काय सांगायचं ते मी रोडपालीला सांगीन. तू पेन दे."

म्हणून मी सुदाम काळूराम घरत, शुद्धीवर असताना आणि आयुष्यात प्रथमच शांत असताना, कलम नववे पूर्ण रद्द करत आहे. पेटी नावाड्याच्या मानासोबत जनी जैतू मुकणे हिच्याकडे जाईल. घड्याळ आईकडे. प्रमिला हिराजी कडू हिला माझ्या मागे माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. बाकी सर्व कलमे कायम.

मौजे पाडखार, तालुका पनवेल. रविवार, १२ डिसेंबर १९९९.

मृत्युपत्र करणार: सुदाम काळूराम घरत (सही)

साक्षीदार एक: मालू जोमा भोईर, पडद्यावर. (निशाणी, डावा अंगठा)

साक्षीदार दोन: कु. प्रमिला हिराजी कडू, पेटीवर. (सही)
वरील मजकूर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, खोडलेल्या कलमासह वाचला आहे. यातून मला काहीही मिळत नाही हे समजून, राजीखुशीने सही केली आहे.